काळपुळी की फऱ्या? सुरी लावण्याआधी

आदल्या संध्याकाळी रवंथ करत बसलेलं वासरू सकाळी मरून पडलेलं सापडतं. अंगावर जखम नाही, सापाचे दात नाहीत. अशा वेळी पशुवैद्याच्या मनात दोन नावं लगोलग येतात: काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, आणि फऱ्या. दोन्ही जिवाणूंचे रोग, दोन्ही मातीतून येणारे. दोन्हींचे जिवाणू बीजाणू, म्हणजे चिवट निद्रिस्त रूप, होऊन वर्षानुवर्षं तग धरतात, आणि दोन्हींत जनावर बघता बघता जातं.

गोंधळ जुना आहे. एकात रक्त काळं पडतं, दुसऱ्यात मांस. म्हणून जुन्या पशुवैद्यांनी दोघांनाही कोळशाचं नाव दिलं. फ्रेंचमध्ये दोन्ही रोगांच्या नावांत आजही ‘शार्बों’ म्हणजे कोळसा आहे. जर्मन नावं मला जास्त आवडतात. काळपुळीला ते ‘मिल्त्सब्रांट’ म्हणतात, म्हणजे प्लीहेतली आग, आणि फऱ्याला ‘राउशब्रांट’, म्हणजे चुरचुरणारी आग. निम्मं निदान त्या दोन शब्दांतच आहे.

आधी ही चुरचुर. फरा म्हणजे जनावराचा पुठ्ठा किंवा खांदा. हा रोग बहुधा तिथेच धरतो. जनावर लंगडतं. सूज सुरुवातीला इतकी गरम आणि दुखरी असते की हात लावू देत नाही. काही तासांत तीच जागा गार आणि बधिर होते. मग तळहात दाबून फिरवला की कातडीखाली वाळका पाचोळा चुरडल्यासारखं वाटतं. तो वायू असतो. हा स्पर्श हाताला एकदा कळला की विसरत नाही.

बळी पडतात ती सहसा 6 महिने ते 2 वर्षं वयाची, अंगानं भरलेली वासरं. गोठ्यातलं सगळ्यात धडधाकट वासरू जातं, हे फार जिव्हारी लागतं. चाऱ्याबरोबर पोटात गेलेले फऱ्याच्या जिवाणूचे, क्लॉस्ट्रिडियम शोव्हियायचे, बीजाणू स्नायूंत जाऊन गप्प पडून राहतात. मार लागला, मुका मार बसला, की तिथला रक्तपुरवठा तुटतो, प्राणवायू संपतो आणि हा जिवाणू जागा होतो. हवा नसेल तिथेच तो वाढतो.

काळपुळीचा बॅसिलस अँथ्रॅसिस नेमका उलटा. तो एका पायात अडकून राहत नाही, रक्तात पसरतो. शेवटच्या तासांत रक्ताच्या थेंबाथेंबात त्याच्या कांड्या, म्हणजे कांडीच्या आकाराचे जिवाणू, असतात. मेल्यावर नाका-गुदातून काळपट रक्त येतं आणि ते नीट गोठत नाही, शरीर पुरतं ताठरत नाही, पोट लवकर फुगतं. पण शव बंद राहिलं तर या कांड्या आतल्या कुजण्यात काही दिवसांत मरतात. कातडी कापली, रक्त हवेला लागलं, की त्यांचे बीजाणू होतात आणि माती बाधित होते. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर ब्रिटिशांनी 1942 मध्ये काळपुळीच्या बीजाणूंचे प्रयोग केले. 1986 मध्ये जमिनीवर फॉर्मल्डिहाइड ओतल्यावर 1990 साली ते बेट सुरक्षित ठरलं.

म्हणून खरा प्रश्न सुरीचा आहे. फऱ्याची खात्री करायला स्नायूचा तुकडा लागतो, आणि काळपुळीत शव उघडायचंच नसतं. तेव्हा आधी काळपुळी नाही हे ठरवावं लागतं. त्यासाठी कानाच्या शिरेतला एक थेंब पुरतो. काचपट्टीवर लेप, त्यावर जुनं पॉलिक्रोम मिथिलिन ब्लू हे रंगद्रव्य; ही पद्धत ब्रिटिश पशुवैद्य मॅकफेडियन यांनी 1903 मध्ये दिली. सूक्ष्मदर्शकाखाली टोकं चौकोनी असलेल्या निळ्या कांड्या साखळीत दिसतात आणि त्यांच्याभोवती गुलाबी कवच. इतकं स्वच्छ चित्र जिवाणूशास्त्रात क्वचित मिळतं. मात्र लेप ताजाच हवा; शव शिळं झालं की कवच विरतं आणि कुजवणारे दुसरे जिवाणू फसवतात.

लेपात काही नाही आणि पुठ्ठा चुरचुरतोय, तर उघडायला हरकत नाही. आत स्नायू काळपट, कोरडा, स्पंजासारखा, आणि खवट लोण्याचा वास.

माणसाला धोका काळपुळीचा आहे. रोगी जनावराचं कातडं, लोकर, मांस हाताळणाऱ्याच्या त्वचेवर न दुखणारा फोड येतो, मधोमध काळी खपली. रोगाचं मराठी नाव त्यावरूनच आलं. फऱ्या माणसाला होणं अतिशय दुर्मिळ.

लसींतही फरक आहे, आणि तो कळला नाही तर लस वाया जाते. काळपुळीची प्रचलित लस जिवंत आहे. पशुवैद्य मॅक्स स्टर्न यांनी 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत ओन्डर्स्टेपोर्टच्या पशुवैद्यकीय संस्थेत शोधलेला तो जिवाणूचा वाण कवच हरवलेला आहे, म्हणून तो रोग करत नाही. त्याच दिवसांत प्रतिजैविक दिलं तर लसच मरते. फऱ्याची लस मारलेल्या जिवाणूंची, तिला ती अडचण नाही. पेनिसिलिन दोन्ही जिवाणूंवर चालतं, पण फऱ्यात मेलेल्या स्नायूपर्यंत रक्तच पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? सूज गार पडायच्या आत सुई टोचली गेली तरच जनावर वाचण्याची आशा असते.