एनर्जी अँप्लिट्यूडवर की फ्रिक्वेन्सीवर? दोन फॉर्म्युल्यांमागची जुनी भांडणं

यंदा भाची बारावी सायन्सला आहे, फोंड्याला. परवा तिचा फोन आला, मामा, इलेक्ट्रोमॅग्नेटिक वेव्हजच्या चॅप्टरमधे एनर्जी अँप्लिट्यूडच्या (लाटेच्या उंचीच्या) स्क्वेअरवर, फ्रिक्वेन्सीचं (सेकंदाला किती लाटा याचं) नावच नाही, आणि पुढे ड्युअल नेचरमधे गेलं की एनर्जी म्हणजे एच न्यू (प्लांकचा स्थिरांक गुणिले फ्रिक्वेन्सी), तिथे अँप्लिट्यूड गायब, मग पेपरात लिहायचं कुठलं? प्रश्न एकदम रास्त आहे. दोन्ही फॉर्म्युले बरोबरच आहेत, पण ते दोन वेगळ्या भांडणांतून आलेत, आणि पुस्तकं भांडण गाळून नुसता निकाल छापतात.

गंमत म्हणजे दोन्ही धागे पार सुरुवातीपासून आहेत. १८०० साली विल्यम हर्शेलने प्रिझममधून उन्हाचे रंग पाडले, रंगारंगात थर्मामीटर ठेवून बघितला, आणि तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला. हे इन्फ्रारेड. पुढच्याच वर्षी जर्मनीत योहान रिटरने उलट्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे सिल्व्हर क्लोराइड ठेवलं तर ते तिथे सगळ्यात लवकर काळं पडलं. म्हणजे एकीकडे ऊब भरपूर, दुसरीकडे ऊब कमी पण केमिकल रिअ‍ॅक्शन घडवायची ताकद जास्त. थर्मामीटर सांगतो एकूण एनर्जी किती आली, सिल्व्हर क्लोराइडला पडलेलं असतं एका खेपेच्या पुडक्यात, म्हणजे एका हप्त्यात, किती आली. हा फरक कळायला मात्र पुढची शंभर वर्षं गेली.

पहिलं भांडण एनर्जी राहते कुठे याचं, आणि त्यातला मोठा माणूस मॅक्सवेल. १८६५ च्या पेपरात त्याने सांगितलं की प्रकाश ही इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्डची लाट आहे, आणि त्याहून धीट गोष्ट म्हणजे एनर्जी तारेत किंवा चुंबकात बसलेली नाही, ती मधल्या रिकाम्या जागेत, फील्डमधे आहे. अर्धी इलेक्ट्रिक, अर्धी मॅग्नेटिक. इथे मुलं हमखास अडखळतात. मे महिन्यात गच्चीवर कोकमाची सोलं वाळत घालतो तेव्हाचं ऊन धरा, दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट. हिशेब केला तर इलेक्ट्रिक फील्डचा अँप्लिट्यूड येतो मीटरला जवळपास ८७० व्होल्ट, आणि मॅग्नेटिक फील्ड जेमतेम २.९ मायक्रोटेस्ला, पृथ्वीच्या चुंबकाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. बघितल्यावर वाटतं मॅग्नेटिकचा वाटा किरकोळच असणार. पण व्होल्ट आणि टेस्ला ही मापंच वेगळी, आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही, एनर्जी काढली की दोघांचे वाटे सारखे.

मग ही एनर्जी जाते कुठल्या वाटेने? हे १८८४ साली बर्मिंगहॅमच्या जॉन हेन्री पॉइंटिंगने सोडवलं, आणि त्याच सुमाराला ऑलिव्हर हेव्हिसाइडनेही स्वतंत्रपणे. पॉइंटिंगचं म्हणणं आजही ऐकणाऱ्याला पटत नाही: साध्या बॅटरी-बल्बच्या सर्किटमधेसुद्धा एनर्जी तारेच्या पोटातून वाहत नाही, ती तारेभोवतीच्या जागेतल्या फील्डमधून येते, तार फक्त वाट दाखवते. मग तार काढूनच टाकली तर? १८८७-८८ मधे कार्ल्सरूहला हाइनरिश हर्ट्झने एका बाजूला ठिणगी पाडली आणि दूर ठेवलेल्या तारेच्या रिंगमधे बारीक ठिणगी पडलेली बघितली. १८९५ मधे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी लोकांसमोर भिंतीपलीकडे लाट पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. एनर्जी पोचली याचा याहून रोखठोक पुरावा काय द्यायचा!

गोव्यात हे वेगळं समजवायची गरज पडू नये खरं तर. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत हद्दीबाहेरच्या घाटातल्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. इथे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची सेन्सॉरशिप, सीमेवर पहारा, आणि तरी घाटातल्या अँटेनातून सुटलेली एनर्जी हवेतून येऊन इथल्या रेडिओच्या एरियलमधे करंट हलवत होती. इथपर्यंत सगळं अँप्लिट्यूडच्या स्क्वेअरवर चालतं, मिरामारच्या लाटेसारखंच, उंची दुप्पट तर एनर्जी चौपट.

आता दुसरं भांडण, आणि त्याची ठिणगी पडली ती हर्ट्झच्याच टेबलावर. रिंगमधली ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने ती काळोख्या डब्यात ठेवली तर ती आखूड झाली. मधे काच धरली तरी आखूड, क्वार्ट्झ धरला तर नाही. काच अल्ट्राव्हायोलेट अडवते, म्हणजे पहिल्या ठिणगीतला अल्ट्राव्हायोलेट प्रकाश दुसरीला मदत करत होता. ज्या प्रयोगाने लाट सिद्ध केली त्याच प्रयोगात लाटेला न झेपणारी गोष्ट निघाली, आणि हर्ट्झ ती नोंदवून पुढे गेला. १९०२ मधे फिलिप लेनार्डने पाहिलं की प्रकाश जास्त प्रखर केला की धातूतून इलेक्ट्रॉन जास्त निघतात पण जास्त जोरात निघत नाहीत, जोर प्रकाशाच्या रंगावर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, ठरतो. नुसती लाट असती तर अँप्लिट्यूड वाढवल्यावर जोर वाढायला हवा होता. माक्स प्लांकने १९०० च्या डिसेंबरमधे, बऱ्यापैकी नाइलाजाने, एनर्जीचे हप्ते मानले होते, ते १९०५ मधे आइन्स्टाइनने थेट प्रकाशालाच लावले. अमेरिकन फिजिसिस्ट मिलिकनला हे अजिबात मान्य नव्हतं, खोटं पाडायला म्हणून वर्षानुवर्षं मापं घेतली, आणि १९१६ मधे त्याचेच आकडे आइन्स्टाइनच्या बाजूने उभे राहिले. असा विरोधक सगळ्यांना मिळो.

तर भाचीला सांगितलं ते असं: एच न्यू ही एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका हप्त्याची, एनर्जी, आणि अँप्लिट्यूडचा स्क्वेअर सांगतो तो सगळ्या झुंडीचा हिशेब. त्याच रंगाचा प्रकाश प्रखर केला म्हणजे फोटॉन वाढले, ते मोठे नाही झाले. एफएम रेडिओचा फोटॉन अल्ट्राव्हायोलेटच्या फोटॉनपेक्षा एक कोटीहून जास्त पटीने बारीक, म्हणून रेडिओवाल्यांना फोटॉन मोजत बसावं लागत नाही. मायक्रोवेव्हमधे भात गरम होतो तोही झुंडीच्या जोरावर, एकट्या फोटॉनच्या नाही. पेपरात फील्डचा अँप्लिट्यूड दिला असेल तर मॅक्सवेलकडे जायचं, वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान एनर्जी) दिसलं की आइन्स्टाइनकडे.