अब्याने: गावात माणसं किती, आणि ती मोजायची कधी

अणुकेंद्रामुळे सारखं बातम्यांत येणारं इराणातलं नतन्झ सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच तालुक्यात कर्कस डोंगराच्या पायथ्याला अब्याने नावाचं लाल मातीच्या घरांचं गाव आहे, खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण, त्याचे फोटो बहुतेकांनी बघितलेले असतात. 2006 च्या जनगणनेत तिथे 305 माणसं आणि 160 कुटुंबं निघाली, म्हणजे घरटी दोन माणसंसुद्धा पूर्ण येत नाहीत. हा आकडा वाचून लोक म्हणतात गाव मेलं, पण तो आकडा कुठून येतो ते बघायला पाहिजे.

गाव खूप जुनं आहे, मशिदीतला लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, 11व्या शतकातला आहे आणि त्याच्याही आधीचं अग्निमंदिर दाखवतात. कारभाराचं म्हणाल तर इराणातल्या इतर गावांसारखाच कदखोदा, म्हणजे पाटलासारखा गावप्रमुख असायचा. 1935 च्या कायद्याने त्याला सरकारी चौकटीत बसवलं, म्हणजे जमीनदाराचाही माणूस आणि सरकारचाही. 1937 मध्ये प्रांत, शहरेस्तान (तालुका), बख्श (तालुक्याचा विभाग), देहेस्तान (गावांचा गट) अशी उतरंड ठरली आणि आज अब्याने बर्झरूद देहेस्तानात येतं. 1960 च्या दशकात जमीन सुधारणा आल्या, जमीनदारांचं बळ गेलं, आणि त्याच काळात पोरं तेहरानला जायला लागली. 1956 ला देशातले जवळपास 69 टक्के लोक खेड्यात होते, 2016 ला 26 टक्के. 1975 मध्ये गाव राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलं गेलं, त्यामुळे भिंत पाडायची असो की बांधायची, आधी परवानगी लागते.

1979 च्या क्रांतीनंतर कदखोदा इतिहासजमा झाला, गावोगाव परिषदा आल्या, पण रोजचं काम बघणारा, सही करणारा माणूसच बरीच वर्षं नव्हता. शेवटी 1998 ला दहयारीचा, म्हणजे गावाच्या कारभारी कचेरीचा कायदा झाला, 1999 ला देशभर परिषदांच्या निवडणुका झाल्या. आता परिषद दहयार, म्हणजे गावचा कारभारी निवडते, बख्शचा अधिकारी त्याला नेमणूकपत्र देतो, आणि कचरा, रस्ते, दिवाबत्ती, बांधकाम हे सगळं त्याच्याकडे. पैसे कमी, त्यात निधीचा बराचसा हिशोब लोकसंख्येवर.

खरी भानगड इथेच आहे. 1983 च्या कायद्याने गाव कशाला म्हणायचं ते ठरवलं: किमान 20 कुटुंबं किंवा 100 माणसं, कायम राहणारी असोत की हंगामी. हंगामी हा शब्द कायद्यात मुद्दाम आहे, आणि मला तो अगदी योग्य वाटतो, कारण डोंगरातली गावं अशीच जगतात, उन्हाळ्यात भरतात, थंडीत रिकामी होतात. जनगणना मात्र जवळजवळ दर वेळी मेहर-आबानमध्ये, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, आणि ती मोजते नेहमी कुठे राहता ते. तोपर्यंत अब्यानेची उन्हाळी कुटुंबं तेहरानला परतलेली असतात, शाळा सुरू झालेल्या असतात, मागे राहतात म्हातारे. मोहर्रमला नख्ल, म्हणजे मिरवणुकीतला मोठा लाकडी ताबूत, खांद्यावर घ्यायला जी गर्दी परत येते ती या आकड्यात कुठेच नाही. म्हणजे कायदा हंगामी माणसाला गावचा मानतो आणि मोजणी त्याला शहरात टाकते, आणि निधी मोजणीवर चालतो. कचरा आणि पाणी मात्र उन्हाळ्याच्या गर्दीचं, वर पर्यटकांचं. पर्यटकांचं ओझं उचलणारं गाव कागदावर 300 माणसांचं, हे चूक आहे आणि ते दुरुस्त करायला फार अक्कल लागत नाही, एक मोजणी जुलैत करून बघा.

अब्यानेला 20 कुटुंबांच्या मर्यादेची भीती नाही, पण वरच्या खोऱ्यांमधल्या कितीतरी लहान वस्त्यांना आहे. त्याखाली गेलं की गाव म्हणून दर्जाच धोक्यात, चारपेक्षा कमी कुटुंबांच्या वस्तीचे तर आकडेसुद्धा जाहीर करत नाहीत.

परिषदेचंही तेच. लहान गावाला तीन सदस्य, उमेदवार गावातच राहणारा हवा, म्हणजे शहरात गेलेला, शिकलेला, पैसे पाठवणारा, घर दुरुस्त करणारा माणूस आपोआप बाहेर. 2006 ला निवडून आलेल्यांची मुदत वाढत वाढत 2013 पर्यंत गेली, कारण निवडणूक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीबरोबर घ्यायची ठरलं, आणि वयस्कर गावांत ती सगळी वर्षं त्याच तिघांनी काढली.