विंडोजच्या अपग्रेडनंतर व्हिडिओ प्लेअर का कोसळतो?

संगणकावर विंडोजची नवी आवृत्ती बसवली की काही जणांना एक विचित्र अनुभव येतो: फाइल जुनीच, प्लेअरही जुनाच, पण व्हिडिओ लावताच काही क्षणांत प्लेअर आपोआप बंद होतो. अशा वेळी संशय प्रथम फाइलवर जातो आणि मग इंटरनेटवरून सापडेल तो ‘कोडेक पॅक’, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा (कोडेकांचा) गठ्ठा, उतरवून घेतला जातो. हा संशय बहुधा चुकीचा असतो, आणि उपाय तर बऱ्याचदा दुखणे वाढवणारा. फाइल खराब असेल, तर सहसा चित्रात चौकोन उमटतात किंवा आवाज तुटतो. कालपर्यंत चालणाऱ्या सगळ्याच फाइलींवर प्लेअर कोसळू लागला असेल, तर आधी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे विंडोज आणि पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स चिप यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रॅमकडे पाहावे.

व्हिडिओ पाहण्यात ड्रायव्हरचा एवढा संबंध का यावा, हे आकड्यांवरून कळते. १९२० × १०८० आकाराच्या एका चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले आणि सेकंदाला ३० चित्रे दाखवायची म्हटली, तर सेकंदाला सुमारे १८७ मेगाबाइट, म्हणजे तासाला सुमारे ६७० गिगाबाइट माहिती होते. तासाभराचा व्हिडिओ काही गिगाबाइटमध्ये मावतो, कारण २००३ साली आलेल्या एच.२६४ किंवा २०१३ सालच्या एच.२६५ यांसारख्या पद्धतींमध्ये बहुतेक चित्रे पूर्ण साठवलीच जात नाहीत. आधीच्या चित्रांच्या तुलनेत काय बदलले, एवढेच नोंदवले जाते. ही नोंद उलगडून चित्र पुन्हा उभे करण्याचे काम मुख्य प्रोसेसर करू शकतो, पण त्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. म्हणून प्लेअर ते ग्राफिक्स चिपमधल्या खास मंडलांकडे सोपवतो, आणि ही देवाणघेवाण ड्रायव्हरमार्फत होते.

२००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ग्राफिक्स ड्रायव्हर दोन भागांत विभागलेला आहे. त्याचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. दुसरा मात्र प्लेअरच्याच प्रक्रियेत, त्याच्याच स्मृतीत उतरवला जातो. त्यामुळे या दुसऱ्या भागाने भलत्याच पत्त्यावर हात घातला, तर विंडोज अख्खा प्लेअर बंद करते आणि दोष मात्र बिचाऱ्या प्लेअरला लागतो. ग्राफिक्स चिपने मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज तिला नव्याने सुरू करते. तेव्हा पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. म्हणून नुसता प्लेअर गेला, की पडदाही काळा झाला, हे नीट पाहून ठेवावे.

अपग्रेडमध्ये नेमका हाच ड्रायव्हर बदलला जाऊ शकतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरच्या जागी कधी सर्वसाधारण ड्रायव्हर येतो. कधी जुनाच राहतो, पण नव्या विंडोजशी त्याचे जमत नाही.

संशय पडताळण्याची सर्वांत उपयुक्त चाचणी म्हणजे प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणे, बंद करणे. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये आणि बहुतेक ब्राउझरमध्येही ही सोय आहे. त्यानंतर तोच व्हिडिओ सुरळीत चालला, तर ड्रायव्हरवरचा आरोप जवळपास सिद्ध होतो. पुष्कळ जण इथेच थांबतात. मला ते पटत नाही, कारण मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावू लागतो आणि बॅटरी लवकर उतरते.

दुसरा पुरावा विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये मिळतो. तिथे कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या नोंदीत दोषी मॉड्यूलचे, म्हणजे ज्या घटक-फाइलीत चूक घडली तिचे नावही असते. ते एन-व्ही या अक्षरांनी सुरू होत असेल तर एनव्हिडियाचा, ए-टी-आय किंवा ए-एम-डीने होत असेल तर एएमडीचा आणि आय-जी-डीने होत असेल तर इंटेलचा ड्रायव्हर असण्याची दाट शक्यता असते. मग ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून आधीच्या ड्रायव्हरवर परतावे किंवा लॅपटॉप वा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा. डिस्प्लेच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ एवढेच दिसत असेल, तर खरा ड्रायव्हर लागलेलाच नाही.

ॲक्सिलरेशन बंद करूनही प्लेअर कोसळत असेल, तर जुन्या कोडेक पॅककडे वळावे. त्यातले फिल्टर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे घटकही प्लेअरच्याच प्रक्रियेत शिरतात, आणि एकाच कामासाठी दोन-तीन फिल्टर हजर असले की गोंधळ वाढतो. ते काढून टाकणे हाच इलाज. व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत बाळगतो, त्यामुळे इतर प्लेअर कोसळत असताना तो चालला, तर संशय या फिल्टरांवर पक्का होतो.

ग्राफिक्स कार्डच जुने असेल आणि कंपनीने त्याचा नवा ड्रायव्हर काढलाच नसेल, तर मागील आवृत्तीवर परतण्याचा मार्ग उरतो. विंडोज १० आणि ११ मध्ये अपग्रेडनंतर जुन्या आवृत्तीच्या फाइली साधारणपणे १० दिवसच जपल्या जातात, त्यामुळे ही तपासणी पहिल्या आठवड्यातच उरकावी.