आरशात राजा आला कुठून?

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एक चित्र येऊन पडलं. 'लास मेनिनास'. त्यावर कुणीतरी पिवळ्या रेषेने शंखासारखं वळण काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'सुवर्ण गुणोत्तराची जादू! निसर्गाचा गुप्त आकडा!' (सुवर्ण गुणोत्तर म्हणजे साधारण 1.618 हे प्रमाण.) जाड रेषेचं वळण कुठल्याही गर्दीच्या चित्रावर ठेवा, कुणाचं तरी नाक त्याखाली येणारच. आमच्या दहावीच्या ग्रुप फोटोवर मी ते ठेवून पाहिलं, तर वळण थेट पीटीच्या सरांच्या शिट्टीवर जाऊन संपलं.

या चित्रातली खरी गंमत वेगळी आहे, आणि तिला शाळेतली भूमिती पुरते.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातलं हे चित्र स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार दिएगो वेलास्केझने 1656 मध्ये काढलं. उंची सुमारे 320 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फ्लॅटच्या छताला टेकेल एवढं. राजवाड्यातलं एक दालन. मधे पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, भोवती तिच्या सख्या. ('मेनिना' हा शब्द पोर्तुगीज, मुलगी या अर्थाचा.) डावीकडे एका अवाढव्य कॅनव्हासची पाठ आपल्याकडे, आणि त्यामागून डोकावणारा, हातात कुंचला धरलेला खुद्द चित्रकार. मागच्या भिंतीवर एक आरसा. त्यात धूसर दिसतात राजा चौथा फेलिपे आणि राणी मारियाना. आरशाच्या उजवीकडे उघडं दार, आणि दारातल्या पायरीवर पडदा धरून उभा असलेला दरबारी, होसे निएतो.

बहुतेक लोक सांगतात की राजा-राणी आपण उभे आहोत तिथेच उभे आहेत, म्हणून आरशात दिसतात. मिशेल फुकोसारख्या विचारवंताने 1966 मध्ये याच समजुतीवर मोठा डोलारा उभा केला. कल्पना सुंदर आहे, फक्त आरसे तसं वागत नाहीत.

शाळेचा लांब व्हरांडा आठवा. एका टोकाला उभं राहून पाहिलं तर फरशीच्या, छताच्या, खिडक्यांच्या कडा दूर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि समोरच्या भिंतीवर एका बिंदूकडे धावतात. हा बिंदू कुठे असतो? बरोबर तुमच्या डोळ्यासमोर. खाली बसलात तर तो खाली येतो, एक पाऊल उजवीकडे सरकलात तर तोही उजवीकडे सरकतो. त्यामुळे नीट यथादर्शनात (म्हणजे जवळचं मोठं, दूरचं लहान, जसं डोळ्याला दिसतं तसं) काढलेल्या चित्रात हा बिंदू सापडला, की चित्र पाहणारा डोळा त्या दालनात कुठे होता तेही सापडतं.

आता 'लास मेनिनास'वर पट्टी ठेवा. उजव्या भिंतीची छताशी मिळणारी कड आणि खिडक्यांच्या वरच्या कडा पुढे वाढवा. त्या आरशावर मिळत नाहीत. मिळतात उजवीकडच्या दारात, निएतोच्या पुढे आलेल्या हाताजवळ. म्हणजे आपला डोळा दारासमोर आहे, आरशासमोर नाही.

इथे थोडा हिशोब करू. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडून थेट सलूनमध्ये या.

समजा, दारातल्या त्या बिंदूपासून आरशाचा मध्य एक मीटर डावीकडे आहे. (आकडा सोयीचा घेतलाय, तत्त्व तेच राहतं.) डोळ्यापासून आरशापर्यंत जाताना नजर एक मीटर डावीकडे सरकते. आपात कोन आणि परावर्तन कोन सारखे, म्हणून परत येतानाही ती डावीकडेच सरकत राहते, आणि आपल्या पातळीला पोचेपर्यंत आपल्यापासून दोन मीटर डावीकडे गेलेली असते. आपल्या जागी राजा उभा असेल, तर या आरशात तो दिसणं शक्य नाही. आणि डावीकडे परतणाऱ्या नजरेच्या वाटेत काय उभं आहे? तो अवाढव्य कॅनव्हास. त्याची पाठ आपल्याकडे, म्हणजे तोंड आरशाकडे. आरशात राजा नाही, राजाचं चित्र दिसतंय. चित्रकार काय रंगवतोय ते पाठमोऱ्या कॅनव्हासवर आपल्याला दिसत नाही, ते मागच्या भिंतीवरचा आरसा सांगून टाकतो! वेलास्केझचं चरित्र लिहिणाऱ्या अंतोनियो पालोमिनोने 1724 मध्ये हेच लिहून ठेवलं होतं. जोएल स्नायडर आणि टेड कोहेन या अभ्यासकांनी 1980 मध्ये भूमितीच्या आधारे ते पुन्हा मांडलं.

सलूनमध्ये आपला नंबर यायची वाट बघत बसलात की हे करून पाहा. आरशाच्या उजव्या बाजूला सरकून बसा. आरशात तुम्ही नसता, डाव्या टोकाच्या खुर्चीतला साबण फासलेला माणूस असतो. आरशाबाबत आपली अटकळ एरवीही कच्चीच असते. अंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशावर आपल्या चेहऱ्याची कड बोटाने गिरवा आणि मग मोजा. ती चेहऱ्याच्या निम्मी भरते, जवळ जा नाहीतर लांब. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा टेप बदलून पाहिली होती. वेलास्केझच्याच दुसऱ्या एका चित्रात व्हीनस आरसा बघत पहुडली आहे. पाहणारे म्हणतात, ती स्वतःला न्याहाळतेय. पण आपल्याला आरशात तिचा चेहरा दिसतोय, म्हणजे तिलाही आरशात आपणच दिसत असणार. मानसशास्त्रज्ञांनी या चुकीला 'व्हीनस इफेक्ट' असंच नाव दिलंय.

'लास मेनिनास'मध्ये एक गोष्ट मात्र या सगळ्या भूमितीच्या बाहेरची आहे. चित्रकाराच्या काळ्या अंगरख्यावरचा लाल क्रॉस, खालचं टोक तलवारीसारखं. हे सांतियागो या लष्करी पंथाचं चिन्ह. हा पंथ 1170 च्या सुमारास आजच्या स्पेनमधल्या लिओनच्या राज्यात मुसलमान सत्तांशी लढण्यासाठी निघाला. कालात्रावा, अल्कांतारा हे त्याचे भाऊबंद. सतराव्या शतकापर्यंत लढाई संपून उरला होता तो मान. तो मिळवायला खानदान दाखवावं लागे, आणि पूर्वजांत कुणी ज्यू किंवा मुसलमान नाही, म्हणजे 'रक्त शुद्ध' आहे, हे सिद्ध करावं लागे. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या जागा होतात 1024, वीस पिढ्यांत दहा लाखांवर. त्यातल्या प्रत्येकाची हमी कोण देणार? आणि रक्तात धर्म शोधायची तपासणी आजही कुठल्या लॅबमध्ये होत नाही. पत्रिकेसोबत कूळ-गोत विचारणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल; इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्दही स्पेन-पोर्तुगालकडच्या 'कास्ता'वरूनच, पोर्तुगीजांच्या तोंडून आलाय.

वेलास्केझला या पंथात घ्यायचं का, हे ठरवायला शंभरावर साक्षीदार तपासले गेले. झुर्बारान आणि आलोन्सो कानो या चित्रकारांनीही साक्ष दिली. तो पोटासाठी चित्रं विकत नाही हेही ठरवायचं होतं, कारण हाताने कमावणं कमीपणाचं! तरीही खानदानीपणाचा पुरावा पंथाचं काम पाहणाऱ्या परिषदेला पुरेसा वाटला नाही. शेवटी पोपकडून सूट आणावी लागली आणि 28 नोव्हेंबर 1659 ला क्रॉस मिळाला. पुढच्याच ऑगस्टमध्ये वेलास्केझ वारला. म्हणजे 1656 च्या चित्रातला हा क्रॉस मागाहून रंगवलेला. पालोमिनो म्हणतो, काही लोकांच्या मते तो खुद्द राजाने रंगवला. गोष्ट छान आहे, पुरावा नाही.

1734 च्या नाताळच्या आदल्या रात्री राजवाड्याला आग लागली. चित्र वाचलं, दालन गेलं. पण हुआन गोमेझ दे मोरा या वास्तुरचनाकाराने 1626 मध्ये राजवाड्याचे नकाशे काढून ठेवले होते. अभ्यासकांनी चित्रातल्या भिंती आणि खिडक्या त्यांच्याशी ताडून पाहिल्या, आणि तळमजल्यावरचं दालन सापडलं, पूर्वी राजपुत्र बाल्तासार कार्लोसचं. चित्रातल्या रेषा उलट्या ओढत नेल्या की आपण त्या नकाशात जाऊन उभे राहतो: दारासमोर, आरशाच्या थोडं उजवीकडे.