एका बाजूला ४५ मिनिटं

नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन रेकॉर्डिंग सेंटरमध्ये जायचं, काउंटरवरच्या कळकट वहीतली यादी चाळून दोन एलपी (मोठ्या तबकड्या) निवडायच्या आणि चार दिवसांनी कॅसेट भरून न्यायची, ही ऐंशीच्या दशकातली आमची संगीतखरेदी. एका बाजूला ४५ मिनिटं. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची ‘डार्क साइड ऑफ द मून’ साधारण ४३ मिनिटांची, त्यामुळे ती एका बाजूत नेमकी बसायची. उरलेल्या दोन मिनिटांत दुकानदार हाताला लागेल ते टाकायचा. माझ्या कॅसेटमध्ये शेवटचे हृदयाचे ठोके विरत गेले की क्षणभर खरखर आणि मग एकदम ॲबा, म्हणजे नाचरं स्वीडिश पॉप! तेही गाणं रंगात येतंय तोवर फीत संपून खट्. आज हीच रेकॉर्ड मोबाइलवर ऐकतो, तेव्हाही ठोके थांबले की कान ॲबाची वाट बघतात.

जुन्या रॉक-पॉपचे शौकीन जमले की गप्पा गिटारच्या तुकड्यांवर सुरू होतात आणि दहा मिनिटांत ‘तुला ते मिळालं कुठून?’ यावर येऊन थांबतात. कुणाचा मामा बोटीवर होता, कुणाच्या शेजारच्यांनी गल्फमधून टू-इन-वन आणला होता. ही गाणी आमच्याकडे उशिरा आली, उलटसुलट क्रमाने आली, आणि ती कशी आली ही हकीकतही त्यांच्याबरोबर डोक्यात कायमची बसली. त्या वाटांबद्दल हे टिपण.

‘क्लासिक रॉक’ हे नाव त्या गाण्यांच्या जन्मवेळी नव्हतंच. साठच्या दशकाच्या मध्यापासूनचं रॉक वेगळं काढून दिवसभर वाजवायला अमेरिकेतल्या एफएम स्टेशनांनी ऐंशीच्या दशकात सुरुवात केली, तेव्हा हे लेबल रुळलं. म्हणजे तिकडे या गाण्यांची रवानगी ‘जुन्या’त होत होती, नेमकी तेव्हा ती इकडे आम्हाला नवीकोरी होती. १९६७ चे बीटल्स आणि १९७६ चं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ माझ्याकडे एकाच आठवड्यात आलं. बीटल्स १९७० मध्येच फुटले, हे मला त्यांच्या प्रेमात पडून वर्ष झाल्यावर कळलं. सुतक पंधरा वर्षं उशिरा पाळलं.

आमच्या आधीच्या पिढीची वाट होती रेडिओची, आणि ती उघडण्यात एका मराठी मंत्र्याचा हात होता, अर्थात नकळत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला हिंदी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. ‘बिनाका गीतमाला’ सगळ्यांना आठवते, पण त्याच सिलोनवर इंग्रजी गाण्यांची ‘बिनाका हिट परेड’ही होती. लताबाईंच्या गाण्यासाठी लावलेल्या रेडिओवरून क्लिफ रिचर्ड आणि जिम रीव्ह्ज घरात शिरले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि फिल्मी गाणी परत आली, पण लागलेली चटक कशी सुटणार? पुढे मुंबई आकाशवाणीवर शनिवारी रात्री इंग्रजी गाण्यांचं ‘सॅटर्डे डेट’ असायचं आणि १९८१ पासून बीबीसीवर ‘अ जॉली गुड शो’.

शॉर्टवेव्हची एक गंमत होती. लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून येत, आणि तो थर काही स्थिर नसतो. त्यामुळे गाणं लाटेसारखं यायचं. कडवं ठणठणीत, ध्रुवपद पाण्याखाली, मध्येच कुठल्यातरी अगम्य भाषेतल्या बातम्या. माझ्या काकाला कित्येक गाण्यांची फक्त पहिली कडवी पाठ होती. पुढचं त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

तबकड्यांची वाट सुरू व्हायची कलकत्त्याजवळच्या डमडमला. ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे आपल्या एचएमव्हीचा, कारखाना तिथे १९२८ पासून. परदेशी रेकॉर्ड थेट आयात करणं परकीय चलनाच्या टंचाईत आणि जकातीच्या ओझ्याखाली सामान्याच्या आवाक्याबाहेर होतं. तेव्हा लंडनहून मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) यायचं आणि डमडमला दाबलेली तबकडी काळा घोड्याच्या ‘रिदम हाउस’मध्ये मिळायची. काय दाबायचं हे कंपनी ठरवणार. एखाद्या बँडची तिसरी रेकॉर्ड यायची, पहिल्या दोन यायच्याच नाहीत. रिदम हाउसात विकत घेण्याआधी ऐकायला छोट्या खोल्या होत्या. तिथे तासभर ऐकून हात हलवत बाहेर पडणाऱ्यांची संख्या विकत घेणाऱ्यांपेक्षा नक्कीच जास्त असणार, मी पहिल्या गटातला. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं, तेव्हा सर्वांत जास्त हळहळ आमच्यासारख्या फुकट्यांनीच व्यक्त केली.

या एचएमव्हीत एक माणूस होता, भास्कर मेनन. सप्टेंबर १९६६ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता. ओळखू येऊ नये म्हणून मिशा ठेवून, खोट्या नावाने ताजमध्ये उतरला. तरी बातमी फुटली आणि हॉटेलबाहेर गर्दी झालीच. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला. स्टुडिओ फोर्टात, फिरोजशाह मेहता रोडवरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्सच्या इमारतीत. तिथली यंत्रणा बेताचीच, म्हणून मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र रेल्वेने आणवलं. भिंती इतक्या काही ध्वनिरोधक नव्हत्या, खालच्या रस्त्यावरची वाहनं आत ऐकू येत. वाजवायला शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आशिष खाँ. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याची साथसंगत मुद्रित झाली, आवाज नंतर लंडनमध्ये चढवला गेला, आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागल्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं येण्याची ती पहिलीच वेळ. बीटल्स ऋषिकेशच्या आश्रमात राहिले, ती कहाणी सगळे सांगतात. मला फोर्टातल्या त्या चार-पाच दिवसांचं अप्रूप जास्त वाटतं, कारण तिथे साधना वगैरे काही नव्हतं, वाजवणारे आपले वादक होते आणि काम होतं.

मेनन पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख झाले. पिंक फ्लॉइडच्या आधीच्या रेकॉर्डी तिथे फारशा चालल्या नव्हत्या. १९७३ मध्ये ‘डार्क साइड’ आली, तेव्हा मेनन यांनी ती विकायला सगळी ताकद लावली. १९७३ ते १९८८ या काळात ती अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत ७४१ आठवडे होती. डमडमच्या कंपनीतून गेलेल्या माणसाने जगाला विकलेली ती रेकॉर्ड मला मिळाली ती मात्र दुकानदाराच्या हातची आणि शेपटाला ॲबा लावलेली.

ॲबावरून आठवलं. आमच्यातल्या बहुतेकांनी अस्सल गाण्याआधी नक्कल ऐकलेली असते. ‘मम्मा मिया’ पहिल्यांदा कानावर पडलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं की हे ‘हम किसीसे कम नहीं’मधून चोरलंय. बीटल्सच्या ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’ची चाल १९६५ च्या ‘जानवर’मध्ये शम्मी कपूरच्या नाचाला आहे. ती आधी ऐकलेल्या माणसाला मूळ गाणं फिकं वाटतं. यात त्याचा काय दोष?

शाळेपासून गिटार हातात असलेली, बहुतेक इंग्रजी माध्यमातली, वांद्रे-माझगावकडची मुलं मात्र नुसती ऐकत बसली नव्हती. साठच्या अखेरीस शहराशहरांत ‘बीट ग्रुप’ निघाले. सिगारेट कंपनीने ‘सिमला’ या ब्रँडच्या नावाने स्पर्धा भरवली, १९७० आणि १९७१ च्या निवडक बँडच्या एलपी निघाल्या. आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. मुंबईचे सॅव्हेजेस, ॲटॉमिक फॉरेस्ट ही त्या काळातली नावं. कलकत्त्याहून ‘ज्युनिअर स्टेट्समन’ हा तरुणांचा अंक यायचा, त्यातली पोस्टरं भिंतीवर लागायची. १९७१ मध्ये तर आपल्या मळवलीला, कार्ला-भाज्याच्या पायथ्याशी, ‘स्नेह यात्रा’ नावाचा खुल्या मैदानातला महोत्सव झाला. अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सवाची हौस लोणावळ्याच्या अलीकडे-पलीकडे भागवून घेतली म्हणायची. सॅव्हेजेसमध्ये काही काळ वाजवणारा, जे. जे.त वास्तुशास्त्र शिकलेला गोव्याचा रेमो फर्नांडिस पुढे शिवोलीला परतला. १९८४ मध्ये त्याने घरीच चार ट्रॅकवर ‘गोवन क्रेझी’ रेकॉर्ड केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवली. आमच्या गिरगावच्या चाळीत यातलं काही पोचत नव्हतं. तिथे इंग्रजी गाणं लावलं की गॅलरीतून ‘आवाज कमी कर’ एवढीच दाद मिळायची.

ती भिंत पाडली कॅसेटने. ऐंशीच्या सुरुवातीला कोऱ्या टेपा स्वस्त झाल्या, गल्लोगल्ली रेकॉर्डिंग सेंटरं उघडली. एका परदेशी एलपीवरून शेकडो कॅसेटी भरल्या जात. कायद्याने चोरी होती, यात वाद नाही. पण ती नसती तर मराठी माध्यमातल्या पोराला लेड झेपलिन हे नावही कळलं नसतं, हेही तितकंच खरं. प्रतीवरून प्रत काढली की दर पिढीला खरखर वाढायची आणि झांजांची धार जायची. मित्राच्या कॅसेटवरून भरलेली माझी कॅसेट म्हणजे नातू, पणतू. मी ढोलाचा आवाज ‘दमदार’ म्हणून वर्षानुवर्षं वाखाणला. सीडी ऐकल्यावर लक्षात आलं की तो मुळात तसा नव्हताच, वरच्या पट्टीतलं सगळं झडून गेलं होतं.

शब्दांचा कागद कॅसेटबरोबर कधीच नसे. वही घेऊन बसायचं, पॉज दाबायचा, ऐकू येईल ते देवनागरीत उतरवायचं. क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ असंच उतरवत असताना मध्येच ‘बिस्मिल्ला’ ऐकू आलं. माझी खात्री पटली की दुकानदाराने जुन्या कव्वालीच्या कॅसेटवर गाणी भरून दिलीत आणि खालचं नीट पुसलेलं नाही. तणतणत दुकानात गेलो. त्याने शांतपणे एलपी लावून ऐकवली. तिथेही ‘बिस्मिल्ला’. ते म्हणणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारच्या पारशी घरातला फारुख बलसारा. १९५५ च्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि १९५८ मध्ये तिथेच शाळकरी मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. हे मला कळलं ते तो १९९१ मध्ये गेल्यानंतर. तोवर शाळेच्या सहलीने, घरच्यांबरोबर मिळून चारदा पाचगणीला जाऊन आलो होतो. टेबललँडवर घोड्यावर बसलो, स्ट्रॉबेरी खाल्ली, आणि त्या शाळेच्या फाटकासमोरून गेलो.

प्रत्यक्ष मैफलींचं प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण बराच काळ ते थोडकंच होतं. मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ मुंबईत वाजवून गेले. बोलावणारी संस्था होती टाइम अँड टॅलेंट्स क्लब, धर्मादाय कामं करणाऱ्या, बहुतांश वयस्क पारशी बायकांची. धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ पासून जॅझ यात्रा, आणि १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ही त्याच उघड्या रंगमंचावर वर्षानुवर्षं रंगला. रॉक मशीनसारखे बँड तिथेच मोठे झाले. शेजारी कॉलेज आणि इस्पितळं, त्यामुळे पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन मुकं झालं. १९९१ मध्ये केबलवरून एमटीव्ही आलं, चेहरे दिसू लागले आणि आमची निम्मी कल्पनाचित्रं कोसळली. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीत मायकेल जॅक्सन, एप्रिल २००३ मध्ये ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स. तोवर जॅगर साठीला टेकला होता आणि आम्ही कर्जाच्या हप्त्यांना.

एक कॅसेट मात्र कुठल्याच दुकानात भरून मिळत नव्हती. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन गेले. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबात इथल्याच पोरांची वाद्यं मागून घेऊन वाजवले. आणि इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या आपल्या दोन गाण्यांना त्यांनी सतार-तबल्याच्या साथीने नवं रूप दिलं. चोरट्या प्रती परदेशात फिरत होत्या, रीतसर रेकॉर्ड निघाली नाही. ती २०१५ मध्ये ‘कोडा’ या त्यांच्या अल्बमच्या नव्या आवृत्तीबरोबर आली, वादकांच्या जागी ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असं छापून. मुंबईत वाजलेली ती दोन गाणी गिरगावात पोचायला ४३ वर्षं लागली. आल्यावर पहिल्या रात्री मी ती हेडफोन लावून पाच वेळा ऐकली. सगळं इतकं स्वच्छ होतं की मधूनमधून खरखर शोधत होतो.