इंग्रजी विशेषणांचा तरतमभाव

गुणाचे कमीअधिक प्रमाण दाखवण्यासाठी इंग्रजी विशेषणाच्या रूपात होणारा बदल. मराठीत ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ एवढ्यावर भागते, ‘उंच’ हा शब्द तसाच राहतो. इंग्रजीत मात्र ‘टॉल’चे ‘टॉलर’ आणि ‘टॉलेस्ट’ होते. ‘दॅन’ म्हणजेच ‘पेक्षा’ असे धरून विशेषणाला हातच न लावण्याची चूक मराठी विद्यार्थी करतात, ती यातूनच.

एका सिलेबलच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) शब्दांना ‘अर’ आणि ‘एस्ट’ लागतात, तीन किंवा अधिक सिलेबलच्या शब्दांआधी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ येतात. खरी पंचाईत दोन सिलेबलच्या शब्दांची. ‘हॅपी’चे ‘हॅपिअर’ होते, ‘मॉडर्न’ला ‘मोअर’ लागते आणि ‘कॉमन’ला दोन्ही चालतात. इथे नियमापेक्षा कानाचाच भरवसा अधिक. ‘अनहॅपी’ तीन सिलेबलचा असूनही ‘अनहॅपिअर’ होतो, कारण तो ‘हॅपी’मागे चालतो.

‘एस्ट’ हा प्रत्यय मराठी वाचकाला परका नाही. संस्कृतातील ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ यांमधला ‘इष्ठ’ आणि तो एकाच इंडो-युरोपीय (संस्कृत आणि इंग्रजी ज्यात मोडतात त्या भाषाकुळाच्या) मुळातून आले. आपले ‘स्वादिष्ट’ म्हणजे संस्कृत ‘स्वादिष्ठ’, मूळ अर्थ ‘सर्वांत गोड’. इंग्रजी ‘स्वीटेस्ट’ हा त्याचा सख्खा भाऊ.

‘गुड, बेटर, बेस्ट’ मध्ये पहिला शब्द एका धातूचा, पुढचे दोन दुसऱ्याच धातूचे. आपण ‘जातो’ पण ‘गेला’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. ‘ओल्ड’चे ‘एल्डर’ होताना आतला स्वरही बदलतो. जुन्या इंग्रजीत ‘लाँग’, ‘स्ट्राँग’ यांचेही असेच होई. पुढे ते सरळ झाले, घरातल्या थोरल्या भावंडासाठी ‘एल्डर’ तेवढा उरला.

‘मोअर बेटर’ लिहिले की आज गुण कापले जातात. पण शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ असे दुहेरी रूप बेधडक वापरतो. ‘लेस’ तुलनादर्शक असूनही त्याला पुन्हा ‘अर’ जोडून ‘लेसर’ (lesser) झाला, आणि तो शिष्टसंमतही ठरला. ‘नीअर’ हे तर ‘नाय’ (nigh, म्हणजे ‘जवळ’) या शब्दाचेच तुलनारूप. ते विसरले गेले म्हणून ‘नीअरर’ आले. ‘श्रेष्ठतम’ आणि ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणणाऱ्या आपण यावर हसू नये.

‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ ही लॅटिनमधून तयार आलेली तुलनारूपे. त्यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे, ‘टू’ येतो.