प्रादेशिक विस्तार आणि लोकशाही

एखाद्या राष्ट्राने जिंकून, विकत घेऊन किंवा तहाने नवा मुलूख आपल्यात सामील करणे आणि त्याच वेळी राज्यसत्ता प्रजेच्या संमतीवर उभी आहे असे मानणे, या दोन गोष्टींमध्ये मूलभूत विरोध आहे. जमिनीबरोबर तिच्यावरची माणसेही येतात. त्यांना समान नागरिक मानायचे की नुसते अंकित, हा या विषयाचा गाभा होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १७८७ च्या वायव्य प्रदेश अध्यादेशाने यावर एक उत्तर शोधले. नव्या प्रदेशात ६०,००० मुक्त रहिवासी झाले की त्याला जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघात प्रवेश मिळावा, अशी त्यात तरतूद होती. मात्र तेथील मूळ रहिवासी जमातींना या बरोबरीत स्थान नव्हते. १८९८ मध्ये स्पेनकडून पोर्टो रिको आणि फिलिपीन्स मिळाल्यावर हेही उत्तर अपुरे पडले. अशा प्रदेशांना संविधान आपोआप पूर्णपणे लागू होत नाही, अशी भूमिका तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०१ पासूनच्या निवाड्यांत घेतली. पोर्टो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळाले, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क त्यांना अद्याप नाही.

हा विरोध मराठी वाचकाला अधिक जवळून दिसतो तो बडोद्याच्या इतिहासात. गुजरातेतील गायकवाडांची सत्ता अठराव्या शतकात चौथ-सरदेशमुखीच्या वसुलीतून वाढली. काठेवाडात खंडणी गोळा करण्यासाठी त्यांची फौज मुलूखगिरीवर जात असे आणि ज्या गावांवरून ती जाई त्यांची संमती विचारण्याची कल्पनाही त्या काळी नव्हती. १८०७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा बडोद्यातील अधिकारी कर्नल वॉकर याने खंडणीच्या रकमा ठरवून दिल्यावर या स्वाऱ्यांची गरज उरली नाही. पण या व्यवस्थेमुळे काठेवाडात इंग्रजांचेही पाऊल पक्के झाले.

इंग्रजांच्या वर्तनातील विसंगती याहून ठळक आहे, कारण ते स्वतः प्रातिनिधिक राज्यपद्धतीचा अभिमान बाळगत होते. १८६७ मध्ये ब्रिटनमधील शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला मताधिकार मिळाला. त्यानंतर आठच वर्षांनी बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंटला, म्हणजे दरबारातील इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीला, विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला. चौकशी मंडळात तीन इंग्रज आणि तीन भारतीय सदस्य होते. भारतीयांपैकी ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि तेथील माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे दोघे मराठी होते, तर तिसरे जयपूरचे महाराज होते. इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध झाल्याचे वाटले, भारतीय सदस्यांना तसे वाटले नाही. मंडळ असे दुभंगल्यावर सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे करून मल्हाररावांना पदच्युत केले. मल्हाररावांचा कारभार वाईट होता हे खरे. तथापि त्या कारभाराखाली पिचलेल्या रयतेला या साऱ्या प्रकरणात कोणीही काही विचारले नाही, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

त्यांच्यानंतर नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आलेले सयाजीराव गादीवर बसले. त्यांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले आणि पुढे धारासभाही, म्हणजे संस्थानाचे विधिमंडळही, स्थापन केली. प्रजेला राज्यकारभारात वाव देण्याची ती खरी सुरुवात होती. परंतु धारासभेचे अधिकार मर्यादित होते आणि अखेरचा शब्द महाराजांचाच राही. प्रजामंडळ या संस्थानी प्रजेच्या राजकीय संघटनेने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली आणि १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता यांच्या नेतृत्वाखाली लोकनियुक्त पक्षाच्या हाती कारभार आला. त्यानंतर वर्षभरातच, १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

या विलीनीकरणासाठी जनमत घेतले गेले नाही. करारावर सही तेव्हाचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांची होती. संस्थानाच्या अमरेली प्रांताशेजारच्या जुनागढ संस्थानात मात्र भारत की पाकिस्तान या प्रश्नावर फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत झाले होते आणि त्यात पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मते पडली होती. तरीही बडोद्याचे विलीनीकरण आणि वसाहतवादी विस्तार यांना एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल. बडोद्याच्या रहिवाशांना स्वतंत्र भारताचे पूर्ण नागरिकत्व मिळाले आणि १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तेथील प्रौढ स्त्री-पुरुषांनी मुंबई विधानसभेसाठी आणि लोकसभेसाठी इतर भारतीयांच्या बरोबरीने मतदान केले. असा हक्क गायकवाडांच्या किंवा इंग्रजांच्या अमलात त्यांना कधीही मिळाला नव्हता.